वीतभर मोकळी जागा

नांदेडला मुलाच्या नव्या घरात जिना वळतो तिथं रेलिंगही वळतं. चकचकीत स्टीलचं आहे, कुठं सांधा नाही की डाग नाही. उतरताना माझा हात त्या वळणावर येऊन आपोआप थांबतो. सूनबाई खालून विचारतात, "बाबा, गुडघा दुखून राहिला का?" मी हाव म्हणतो. गुडघा दुखतोच, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही होत नाही. पण हात थांबतो तो अत्तार सरांमुळे. ते सगळं जिन्यात उभं राहून सांगायला गेलो तर खाली ठेवलेला चहा गार होईल, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

औशाच्या आमच्या हायस्कुलात अत्तार सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. मी लातूरहून एसटीनं ये-जा करायचो, ते पिढ्यान्‌पिढ्या औशाचेच. आजोबा-पणजोबा बाजारात अत्तर आणि सुरमा विकायचे, त्यावरून हे आडनाव. सरांच्या अंगाला मात्र खडूशिवाय दुसरा वास नव्हता. उंच होते आणि मानेपासून जरा पुढं वाकलेले. वाकड्या वस्तूंचा नाद लागला की माणूस तसाच होतो, असं मी त्यांना एकदा म्हणालो होतो. त्यांनी हसून शर्टाच्या खिशातून सुतळी काढली आणि माझ्या ढेरीला लावली.

ही सुतळी त्यांच्या खिशात कायम असायची. दुसऱ्या खिशात खडूचा तुकडा. कुठंही गोलसर, वळणदार काही दिसलं की त्याची लांबी किती भरेल हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि लांबी काढायची रीत ठरलेली. वळणावरून सुतळी फिरवून मोजायचं नाही, तो त्यांच्या लेखी आळशीपणा. "दोन मापं द्या, तिसरं मी देतो," हे त्यांचं वाक्य औशात म्हणीसारखं चालायचं. कमानीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ सुतळी ताणायची, ती मोठी दोरी. मग एका टोकापासून कमानीच्या मधल्या बिंदूपर्यंत सरळ ताणायची, ती छोटी दोरी. छोटीची आठपट करायची, तीतून मोठी वजा करायची, राहील त्याला तिनानं भागायचं. झाली कमानीची लांबी. "अर्ध्या वर्तुळापर्यंत बिनधास्त चालतंय. तिथं बोटभर कमी भरतं, ते मी धरून देतो," असं वर सांगायचे. मी मराठीचा मास्तर. मला आठ कुठून आला आणि तीन कुठून आला हे त्यांनी किती वेळा समजावलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी.

गावात लग्न असलं की मांडवाच्या कमानीला लायटिंगची माळ किती लागंल, स्नेहसंमेलन असलं की गेटवर झेंडूचं तोरण किती लागंल, हे विचारायला माणसं सरांकडं यायची. खरं म्हणजे माळ चार हात जास्त आणली तर कुणाचं काय बिघडतं? पण सरांनी आकडा द्यायचा, लातूरहून तेवढंच तोरण आणायचं आणि ते कमानीवर टोकाला टोक बसलं की खाली उभ्या लोकांनी "वा सर!" म्हणायचं, ह्यात सगळ्यांनाच मजा होती. सर तेव्हा खाली बघत हात झटकायचे. खडू असो वा नसो, हात झटकायचे.

घरी हमीदाभाभी ह्या नादाची यथेच्छ थट्टा करायच्या. उन्हाळ्यात एकदा टरबूज कापलं, आणि सरांनी फोड हातात घेऊन सालीची लांबी सांगायला सुरुवात केली. भाभी म्हणाल्या, "कदम भाऊ, ह्यांचं मोजून होईस्तोवर तुम्ही खाऊन घ्या. मह्या लग्नात ह्यांनी सेहऱ्याचीबी दोरी मोजली असंल." सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मोजली होती. कमी होती." भाभी माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि सरांशी त्यांच्या दखनीत, आणि थट्टा दोन्हींत सारखीच चालायची.

आता हा माणूस असा गमत्या होता म्हणून आनंदी होता असं समजू नका. मी त्यांना बघितलं ते बहुतेक थकलेलंच. आमची नोकरीची शेवटची वर्षं म्हणजे नुसती माहिती भरायची वर्षं. मतदार यादीचं काम झालं की खिचडीचं, खिचडीचं झालं की ऑनलाइन माहितीचं. भरलेली माहिती गायब झाली की तीच परत भरायची. दुपारी सर पायरीवर बसलेले दिसायचे, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. मी म्हणायचो, "थकले का सर?" ते डोळे न उघडता म्हणायचे, "थकलो न्हाई, बसलोय." ह्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी पेन्शन गाठली.

लातूर जवळ. तिथल्या क्लासेसची हवा औशाला लागणारच. एकदा एका मुलाचे वडील शाळेत आले, शेतकरी माणूस, पण पोराला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला खोली घेऊन ठेवलेली. सरांनी वर्गात दोन दोऱ्यांची रीत शिकवली होती, त्याबद्दल विचारायला आले होते. भांडायला नाही, नम्रपणे. "सर, त्ये तुमचं दोरीचं सूत्र परीक्षेला येतंय का?"

"न्हाई."

"मग मार्क?"

"मापाला मार्क नसतंय."

"मग कशाला शिकवून राहिले, सर? पोरगं घरी येऊन खाटंच्या दोऱ्या मोजून राहिलंय."

सरांनी हातातला खडू खिशात टाकला. मला वाटलं आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार. ते एवढंच म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. आता न्हाई शिकवत." आणि पुढच्या वर्षापासून खरंच शिकवणं बंद केलं. मला त्याचा फार राग आला, आणि राग नक्की कुणाचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्यांना म्हणालो, "सर, एवढ्यावर सोडलं?" तर म्हणे, "कदम सर, दम लागतो आता. प्रत्येकाला का म्हणून सांगत बसायचं?"

पण ह्याच माणसाला मी एकदा पेटलेलं बघितलं आहे. आमच्या लातूरकडच्या मुरुडला क्रीडा स्पर्धा होत्या. मैदानावर फक्कीनं गोल धावपट्टी आखलेली, मुलींची पूर्ण एका फेरीची शर्यत. खेळाच्या सरांनी सगळ्या मुली एका रेषेत उभ्या केल्या होत्या. पाहुणे खुर्चीत घाम पुसत बसलेले, त्यांना पुढं दुसरा कार्यक्रम. शिट्टी तोंडाला लागली, तेवढ्यात अत्तार सर छत्री उगारून धावपट्टीवर शिरले. "थांबवा! थांबवा!" मला वाटलं साप निघाला.

"बाहेरच्या लेनमधल्या पोरीनं काय गुन्हा केला?" ते ओरडत होते. "आतली कमी पळणार, बाहेरची जास्त पळणार, आन् दोघींचा नंबर एकाच रेषेवर काढणार व्हय?"

खेळाचे सर म्हणाले, "सर, थोडा फरक पडतो, चालतंय."

"बाहेरून जाणाऱ्याला विचारा किती फरक पडतो. शर्यत एका रेषेवर संपती, सर. एका रेषेवर सुरू होत न्हाई."

मग त्यांनी सुतळी काढली, लेनची रुंदी मोजली, वाकून खडूनं जमिनीवर काहीतरी मांडलं. मैदान केवढंही असू द्या, म्हणाले, लेनच्या रुंदीवर ठरतं, मैदानावर ठरत नाही. आणि प्रत्येक मुलीला त्यांनी एकेक टप्पा पुढं उभं केलं. पाहुणे निघून गेले. आमचे हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले. शर्यत झाली आणि ज्या बाहेरच्या मुलीसाठी हे रामायण घडलं ती शेवटचीच आली. परतीच्या जीपमध्ये मी त्यांना चिडवलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "शेवटची आली, पण तिच्या पायानं आली. आपल्या रेषेनं न्हाई."

हे मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढं जे झालं ते ह्याच माणसाच्या हातून झालं.

आम्ही पाठोपाठ निवृत्त झालो. त्याच सुमाराला हमीदाभाभींची नजर जायला लागली. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. समोर बसलेला माणूस त्यांना दिसायचा, बाजूला बसलेला दिसायचा नाही. चहा देताना कप माझ्या हाताच्या बाजूनं पुढं जायचा आणि मी तो हसत हसत पकडायचो. काचबिंदू निघाला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, राहिली आहे ती थेंब टाकून सांभाळायची. थेंब सर टाकायचे. वेळ चुकायची नाही, पण नजर जायची ती गेलीच. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

सरांचा मुलगा पुण्याला. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बाथरूम खोलीला लागून. त्यानं फार मनापासून बोलावलं. भाभी जायला तयार नव्हत्या. मी औशाला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "भाऊ, तिथं सगळे लई चांगले हायत. म्हणूनच जात न्हाई. तिथं सून मला हात धरून न्हेणार, नातू हात धरून न्हेणार. नमाजाआधी वुजूला बसायचं, तर हातपाय धुवायलाबी कुणीतरी धरून न्हेणार. मला तेवढं तरी माझं मला करू द्या."

औशाच्या घरात खोल्या एका बाजूला, नळ आणि मोरी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला. मधे आड. आडाला दगडी गोल कठडा आणि वर लोखंडी जाळी. खोलीतून नळाकडं जायचं तर सरळ यायचं, आडाला अर्धा वळसा घालायचा आणि मग दोन पावलं नळ. सर म्हणाले होते, खोलीच्या दाराशीच नळ घेऊ. भाभी म्हणाल्या, "मग मी चालू कुठं? दिवसातनं पाच वेळा एवढं अंगणच तर हाय मला." तेही बंद केलं तर पुणं काय वाईट, असा त्यांचा हिशेब. त्या दोनदा आडाच्या कठड्याला धडकून पडल्या. दुसऱ्या खेपेला मनगट सुजलं. मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, अब्बा, आता पुरे. सरांनी त्याच्याकडं एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात सरांनी ठरवलं, अंगणातून लोखंडी पाइप न्यायचा, कंबरेएवढ्या उंचीचा, दारापासून नळापर्यंत. त्याला धरून भाभी एकट्या जातील आणि एकट्या येतील. सरळ पाइपाचं काही नव्हतं. आडाभोवतीचा तुकडा मात्र अर्धगोल वाकवून घ्यायचा, आणि तो लातूरला गणेशच्या कारखान्यात. गणेश म्हणजे सरांचाच विद्यार्थी, आता मोठा फॅब्रिकेटर झालेला, गेट आणि शेड करणारा. त्यानं फोनवर विचारलं, सर, माप घ्यायला येऊ का? सर म्हणाले, "मला मापं सांगून राहिला व्हय रे? दोन मापं घेतो, तिसरं तुला पाठवतो."

मी त्या दिवशी औशात होतो. सर किती दिवसांनी ताठ दिसत होते! सुतळीचं एक टोक मी धरलं. आडाच्या तोंडावरून आरपार मोठी दोरी ताणली, मग कठड्याच्या मधल्या दगडापर्यंत छोटी. छोटीची आठपट, वजा मोठी, भागिले तीन. वर बोटभर धरून दिलं. भाभी ओट्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सेहऱ्यावानी कमी पडू देऊ नका." सर म्हणाले, "अर्धं आयुष्य हेच केलं."

गणेशनं आधी सरळ पाइप येऊन बसवले, खांब सिमेंटात पक्के केले. आठवड्यानं अर्धगोल तुकडा टेम्पोतून आला. मी मुद्दाम बस पकडून गेलो होतो, मलाही बघायचं होतं. चौघांनी तुकडा उचलून आडाभोवती धरला. एक टोक ह्या पाइपाला टेकलं. दुसरं टोक नळाकडच्या पाइपापर्यंत पोचलंच नाही.

वीतभर कमी होतं.

गणेश आधी स्वतःलाच शिव्या द्यायला लागला. तुकडा परत मोजला. सरांनी दिलेल्या आकड्याला तंतोतंत. मी म्हणालो, अरे, कापायच्या आधी एकदा येऊन टेप लावायची होतीस. तर तो बिचारा म्हणाला, "सरांच्या आकड्यावर टेप कशी लावू, सर?" आणि खरंच, आख्ख्या औशात कुणी लावली नसती.

सर पाइप आणि कठडा ह्यांच्यामधल्या फटीकडं बघत होते. बोटं दगडावर खरचटू नयेत म्हणून पाइप कठड्यापासून चार बोटं बाहेर घ्यायचं त्यांनीच सांगितलं होतं. आणि माप घेतलं होतं कठड्यावर. मला अजून उलगडा झाला नव्हता. सर हळूच कठड्यावर बसले आणि म्हणाले, "कदम सर, बाहेरची लेन."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चार बोटं बाहेर, अर्धा वेढा, म्हणजे चाराच्या तिपटीहून जरा जास्त. बारा बोटं. वीत. आड केवढाही असता तरी वीतच. मुरुडच्या मैदानावर छत्री उगारून जे त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं, तेच स्वतःच्या अंगणात विसरले होते. ते आता हात झटकत बसले होते, एकसारखे.

मी म्हणालो, "थकले का सर?"

ते म्हणाले, "हाव."

इतक्या वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

गणेश म्हणाला, उद्या मशीन आणतो, तुकडा जोडून देतो, कळणारबी न्हाई. तेवढ्यात भाभी ओट्यावरून उठल्या. "मला चालून तर बघू द्या." आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पाइप धरला होता. सरळ आल्या. वळणाला हात फिरला तशा वळल्या. आडाला वळसा घालत त्या टोकाला आल्या, आणि त्यांचा हात निसटून हवेत राहिला. आम्ही सगळे जागच्या जागी. सरांनी दोन्ही हात पुढं केले होते, पण त्यांना लावले नव्हते. भाभींनी हवेतच हात जरा पुढं नेला. पुढचा पाइप सापडला. दोन पावलं टाकून त्यांनी नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून हसायला लागल्या.

"नक्को जोड़ो जी," त्या सरांना म्हणाल्या. मग मला कळावं म्हणून मराठीत, "हात सुटला की मला कळतंय, आड संपला, आता नळ आला. सगळं सलग केलं तर कसं कळावं? ऱ्हाऊ द्या तसंच."

सरांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, बायको आपली लाज झाकून राहिली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण भाभींनी गणेशला मशीन आणू दिलं नाही ते दिलंच नाही. मुलगा पुण्याहून आला, त्यानं आईला जाऊन येताना बघितलं आणि परत गेला. पुण्याचा विषय मिटला.

सरांचा मात्र मिटला नाही. पुढं मी नांदेडला मुलाकडं राहायला आलो. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायला लागला होता. तरी वर्षातून दोन-तीनदा औशाची चक्कर असायची. दर वेळी बघायचो, अजान झाली, भाभी उठल्या, की सर त्यांच्या आधी अंगणात. त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन उभे. हातात काहीतरी धरलेलं, झारी म्हणा, मोगऱ्याची वाळकी पानं म्हणा. भाभी यायच्या, हात हवेत जायचा, पुढचा पाइप पकडायच्या. सर हात लावायचे नाहीत. लावायचा नाही असंच ठरलं होतं. नुसते श्वास रोखून उभे राहायचे. आपण उभे आहोत हे बायकोला कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. गणितात हुशार माणसं कधीकधी अशी भाबडी असतात.

भाभी पुढं जाऊन नळापाशी बसायच्या आणि मागं न वळता म्हणायच्या, "सांस लेव अब." म्हणजे घ्या आता श्वास. सर दचकून झारीनं मोगऱ्याला पाणी घालायला लागायचे. मोगरा तेवढ्या पाण्यानं कुजला.

मागच्या हिवाळ्यात भाभी गेल्या. चार दिवसांचा ताप, फार काही नाही. शेवटच्या आदल्या दिवसापर्यंत वुजूला स्वतः चालत गेल्या, असं त्यांच्या मुलानं मला फोनवर सांगितलं.

मी गेलो तेव्हा घरात मुलगा आणि सर दोघंच. मुलगा आवराआवर करत होता. सर पुण्याला जायला कबूल झाले होते. कशालाच नाही म्हणत नव्हते. चहा प्या म्हटलं की प्यायचे. मी समोर बसून राहिलो. शेवटी मुलगा म्हणाला, "अब्बा, घर भाड्यानं द्यायचं तर ते पाइप काढावे लागतील. गणेशभाऊला सांगू का?" सर म्हणाले, "सांग." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी गेल्यावर काढ."

दिवस कलला. मशिदीतून अजान आली. सर उठले. डोळे त्यांचे चांगले आहेत, नुसता चष्मा आहे. दारात त्यांनी तो काढून खिशात ठेवला, सुतळी असायची त्या खिशात. आणि डोळे मिटून पाइप धरला.

मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "रोज असंच करून राहिले, काका. पडतील एखाद दिवशी. त्या जागेवर येऊन थांबतात आन् तिथंच उभे राहतात. मलाच हात धरून नळापर्यंत न्यावं लागतं." तो जायला निघाला. मी त्याचा दंड धरला, बस म्हणालो. आणि का कोण जाणे, मीच उठलो. चपला न घालता, आवाज न करता आडाला उलट्या बाजूनं वळसा घातला आणि त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन उभा राहिलो. शेजारी मोगऱ्याची कुंडी होती, नुसती काड्यांची. मी एक काडी धरून ठेवली.

सर सावकाश येत होते. हात वळणावरून फिरला. टोकाशी आला. हवेत गेला आणि तिथंच थांबला. त्यांच्या बोटांवरच्या सुरकुत्या मला दिसत होत्या, इतका मी जवळ होतो. मला वाटलं, धरावा. मी धरला नाही. तो हात तसाच किती वेळ राहिला ते मी सांगू शकत नाही. मग तो जरा पुढं झाला, अजून जरा, आणि पुढच्या पाइपाला टेकला.

सर दोन पावलं चालले. नळापाशी बसले. पाणी सोडलं, बाह्या वर केल्या. डोळे अजून मिटलेलेच होते आणि पाठ माझ्याकडं होती.

"कदम सर," ते म्हणाले, "सांस लेव अब."